वॉर्डातलं सामान संपतं तेव्हा : सिस्टरशी भांडण्याआधी एवढं समजून घेऊ

रात्रीचे दोन वाजले होते. अम्मीला दाखल करून जेमतेम चार तास झाले असतील. तिच्या हाताला लावलेल्या सुईजवळ सूज आली म्हणून सिस्टरनं ती सुई काढली आणि आमच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. चार ओळी होत्या. कॅन्युला एक, आयव्ही सेट एक, चिकटपट्टी एक, ग्लोव्हज दोन जोड. "खाली मेडिकल उघडं आहे, लवकर घेऊन या," एवढंच ती म्हणाली.

आम्ही धावत खाली गेलो, सामान आणलं आणि वर आल्यावर सगळा राग तिच्यावर काढला. "एवढं मोठं रुग्णालय, आणि साधी सुई मिळत नाही? येणारं सामान जातं तरी कुठं?" आसपासच्या खाटांवरचे लोक उठून बसले. सिस्टरनं उत्तर दिलं नाही. आधी अम्मीची शीर शोधली, सुई लावली, सलाईन सुरू केलं. मग ती आम्हाला वॉर्डाच्या कपाटापाशी घेऊन गेली. वरचे दोन कप्पे रिकामे होते. खालच्या कप्प्यात एक डबा होता, झाकणाला चिकटपट्टी आणि त्यावर त्या दिवसाची तारीख. "यात एकच कॅन्युला आहे, सर. रात्रीतून कुणाचा जीव घाबरा झाला तर त्याच्यासाठी. तो तुमच्या अम्मीला लावला असता, तर त्या पेशंटला मी काय लावू?"

आम्ही गप्प बसलो. कोणतं रुग्णालय, ते इथं महत्त्वाचं नाही. कारण ही गोष्ट एका रुग्णालयाची नाहीच. पण त्या रात्रीनंतर आम्ही हा विषय नीट समजून घ्यायचा ठरवलं. आमची एक माजी विद्यार्थिनी आज स्टाफ नर्स आहे. तिला विचारलं, छापून आलेलं वाचलं. जे समजलं ते आपल्या घराघरांपर्यंत पोहोचावं म्हणून हा लेख.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे

सोमाटणे फाटा जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. आपल्याकडे कुणाला दुखलंखुपलं की आधी तळेगाव. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला कान्हे आणि लोणावळा. तिथून पुढं पाठवलं, तर पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय म्हणजे आपलं वायसीएम, औंधचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर पुण्याचं ससून. पवन मावळातला शेतकरी असो, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार असो की आपल्या मोहल्ल्यातला रिक्षावाला, वाट हीच आहे. वाटेत कुठं ना कुठं कधीतरी ती चार ओळींची चिठ्ठी हातात पडतेच.

चिठ्ठी हातात पडली की आपल्या मनात दोनच विचार येतात. एक, सामान चोरीला जातं. दोन, सिस्टर मुद्दाम देत नाही. दोन्ही गोष्टी कधीच होत नाहीत असं आम्ही म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं, आणि ते कळलं नाही तर आपला राग चुकीच्या माणसावर निघतो. खरा प्रश्न तसाच राहतो.

सामान वॉर्डात येतं कसं?

घरात मीठ संपलं की आपण दुकानात जातो. वॉर्डात तसं चालत नाही. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ठराविक दिवशी मागणीपत्र लिहिते. त्याला सगळे इंडेंट म्हणतात. ते मेट्रनच्या सहीनं स्टोअरला जातं. स्टोअरमध्ये शिल्लक बघून सामान मिळतं. शंभर मागितले, तर कधी शंभर मिळतात, कधी चाळीस.

स्टोअरमध्ये सामान येतं ते सरकारी खरेदीतून. आपल्या राज्यात २०१७ पासून सरकारी रुग्णालयांची औषधं आणि साहित्य एकत्रितपणे खरेदी करण्याचं काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे दिलं होतं. खरेदीला उशीर होतो अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नावाची वेगळी यंत्रणा उभी करायचं ठरलं. यंत्रणा कोणतीही असली, तरी टप्पे तेच. मागणी गोळा करायची, निविदा काढायची, दर ठरवायचे, माल आला की तपासायचा, मग वाटायचा. एका टप्प्यावर कागद अडकला की त्याचा धक्का अनेक आठवड्यांनी कुठल्या तरी वॉर्डात रात्री दोन वाजता बसतो.

त्याच वर्षी नांदेडची घटना घडली, ती कुणी विसरलेलं नाही. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आकडा ३१ वर गेला. औषधं आणि माणसं कमी पडल्याची चर्चा झाली. औषधं कमी नव्हती, असं सरकारनं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत एका खासदारानं रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना सर्वांसमोर शौचालय साफ करायला लावलं, हेही आपण टीव्हीवर पाहिलं. राग समजण्यासारखा होता. पण शौचालय साफ करून घेतल्यानं कपाटात एकही कॅन्युला आली नाही. आम्ही त्या रात्री सिस्टरवर ओरडलो, तेही याच जातीचं होतं.

तुटवडा तीन प्रकारचा असतो

आमच्या विद्यार्थिनीनं एक गोष्ट फार सोपी करून सांगितली. ती म्हणाली, "सर, पेशंटच्या माणसाला एकच दिसतं, सामान नाही. पण आमच्यासाठी 'नाही' तीन प्रकारचं असतं."

पहिला प्रकार : वस्तू खरंच कुठंच नाही. खरेदी झालेली नाही, किंवा कारखान्यातूनच माल येत नाही. इथं वॉर्डाच्या हातात जपून वापरणं आणि वर कळवत राहणं, एवढंच असतं.

दुसरा प्रकार : वस्तू स्टोअरमध्ये आहे, पण वॉर्डात नाही. रात्र आहे, रविवार आहे, सही करणारी व्यक्ती रजेवर आहे. कुलूप खालच्या मजल्यावर आणि पेशंट वरच्या.

तिसरा प्रकार : वस्तू वॉर्डातच आहे, पण सापडत नाही. कुणीतरी "आपल्या पेशंटसाठी" म्हणून भलत्याच खणात ठेवली आहे. किंवा सापडली तेव्हा मुदत संपून गेली आहे.

तिन्हींवर इलाज वेगवेगळा. पहिल्याला सरकार लागतं. दुसऱ्याला रुग्णालयाचं व्यवस्थापन लागतं. तिसऱ्याला वॉर्डातलीच शिस्त पुरते. सगळ्यांना एकाच मापानं "भ्रष्टाचार" म्हणून मोकळं झालं की तिन्ही तसेच राहतात.

दुसरा प्रकार नवा नाही, बरं का. १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्स नाइटिंगेल ३८ नर्सेसना घेऊन इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. जखमी सैनिकांना चादरी, सदरे, साबण मिळत नव्हते. काही सामान तर इंग्लंडहून येऊन पडलं होतं, पण परवानगीच्या कागदाशिवाय कुणी ते बाहेर काढत नव्हतं. नाइटिंगेलबाईंनी देणगीच्या पैशातून बाजारातून वस्तू आणल्या, हे तर केलंच. पण त्याहून मोठं काम म्हणजे त्यांनी कशाची कमी आहे, किती माणसं कशानं मरताहेत, हे आकड्यांत मांडून ठेवलं. पुढं सुधारणा झाल्या त्या या आकड्यांच्या जोरावर.

खडूची गोष्ट

आम्ही शिक्षक. तिसरा प्रकार आम्हाला चटकन कळला, कारण तो शाळेतही असतो. एका वर्षी शाळेत खडू कमी आले. आठवड्याभरात अफवा पसरली की खडू संपणार. मग काय, प्रत्येकानं दोन-चार खडू पर्समध्ये, खिशात, टेबलाच्या खणात ठेवायला सुरुवात केली. तीन दिवसांत ऑफिसातली पेटी रिकामी. नव्यानं आलेल्या मॅडमना फळ्यावर तारीख लिहायला खडू नाही, आणि वर्षाच्या शेवटी खणाखणांतून निघाले पेटीभर खडू! खडू कमी होते हे खरं, पण टंचाई आम्ही केली.

वॉर्डात हेच होतं, फक्त खडूच्या जागी कॅन्युला, सिरिंज, गॉज, युरोबॅग असते. एका पाळीतली सिस्टर पाच सेट बाजूला ठेवते, कारण कालच्या रात्री तिला एकही मिळाला नव्हता. तिची नियत वाईट नाही. तिला आपल्या पेशंटची काळजी आहे. पण प्रत्येक पाळीत प्रत्येकीनं असं केलं की कपाट रिकामं दिसतं. वॉर्ड मग दुप्पट मागणी लिहितो. स्टोअरला कळतं की आकडा फुगवलेला आहे, म्हणून ते निम्मं कापतं. पुढच्या वेळी वॉर्ड तिप्पट लिहितो. खरी गरज किती, हे कुणालाच कळेनासं होतं. लपवलेला तुटवडा वाढत जातो. लिहिलेला तुटवडा निदान कुणाला तरी उत्तर द्यायला लावतो.

चांगला वॉर्ड काय करतो?

ज्या वॉर्डात इन्चार्ज सिस्टर खमकी असते, तिथं सामान जादा येतं असं नाही. आलेलं टिकतं. त्यांच्या रीती घरच्या स्वयंपाकघरासारख्याच आहेत.

एक, दोन डब्यांची रीत. रोज लागणारी वस्तू दोन डब्यांत ठेवायची. पहिला डबा संपला की दुसरा उघडायचा आणि त्याच दिवशी मागणी लिहायची. दुसरा संपायच्या आत नवा माल यायला हवा. आपल्याकडे पिठाचा मोठा डबा संपून छोट्याला हात लागला की अम्मी गिरणीची आठवण करते, तेच हे.

दोन, ज्याची मुदत आधी संपते ते पुढं. नवीन पेटी आली की ती मागं जाते, जुनी पुढं येते.

तीन, जीव वाचवणारं वेगळं. औषधं आणि साहित्य तीन गटांत धरतात. ज्याच्याशिवाय जीव जाईल ते, ज्याच्याशिवाय उपचार अडेल ते, आणि नसलं तरी चालून जाईल ते. पहिल्या गटाची ट्रॉली किंवा डबा प्रत्येक पाळीत मोजतात आणि बंद ठेवतात. आम्हाला त्या रात्री दाखवलेला डबा हाच होता. बाकी कपाट रिकामं झालं तरी त्याला हात लावायचा नाही. ती अमानत असते, अजून न आलेल्या पेशंटची.

चार, जपून वापर. रक्तदाब मोजायला, गोळी द्यायला, चादर नीट करायला ग्लोव्हज लागत नाहीत, हात स्वच्छ धुतलेले पुरतात. रक्त, जखम, लघवी, उलटी यांच्याशी संबंध येणार असेल तर ग्लोव्हज हवेतच. सुई पहिल्यांदाच नीट चिकटवली, पेशंटनं हात हलवला नाही, तर ती टिकते आणि दुसरी लागत नाही. जो पेशंट तोंडानं पाणी घेऊ शकतो त्याला सलाईनच हवं असं नाही, हे डॉक्टर ठरवतात. आपल्याकडे मात्र "सलाईन लावलं नाही म्हणजे इलाजच केला नाही" अशी समजूत आहे. ती सोडायला हवी.

ही कंजुषी नाही. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस अमेरिकेत हेलेन नावाचं चक्रीवादळ आलं. नॉर्थ कॅरोलायना राज्यातला बॅक्स्टर कंपनीचा सलाईनचा कारखाना पुरात सापडला. त्या देशाला लागणाऱ्या सलाईनपैकी सुमारे ६० टक्के एकट्या त्या कारखान्यातून येत होतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातली रुग्णालयं काही दिवसांत एकेक पिशवी मोजू लागली. ज्यांना पिता येतं त्यांना तोंडानं द्या, अशा सूचना निघाल्या. तुटवडा गरिबाघरीच येतो असं नाही. फरक पडतो तो तयारीनं.

पाच, उसनवारी लिहून. शेजारच्या वॉर्डातून चार सेट आणले, तर वहीत लिहायचे आणि आपला माल आला की परत करायचे. तोंडी उसनवारीतून वॉर्डावॉर्डांत भांडणं होतात. मग खरोखर अडचण आली की कुणी दार उघडत नाही.

सहा, पाळी बदलताना सांगणं. "पेशंट क्रमांक सातचं ड्रेसिंग बाकी आहे" हे जसं सांगतात, तसंच "आयव्ही सेट तीनच उरलेत" हेही सांगायचं. रात्री दोनला कळण्यापेक्षा दुपारी दोनला कळलेलं बरं. तेव्हा स्टोअर उघडं असतं.

नंदुरबारच्या सिस्टरांनी दाखवलेली वाट

तुटवड्यात नर्स काय करू शकते, याचं आपल्या राज्यातलं उदाहरण नंदुरबारचं आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. नंदुरबार हा आदिवासी जिल्हा, साधनं कमी. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. त्यांनी २०२० मध्येच जिल्ह्यात ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभे करायला सुरुवात केली होती. पण त्यासोबत आणखी एक साधी गोष्ट झाली. "ऑक्सिजन नर्स" नेमण्यात आल्या.

त्यांचं काम काय? खाटेखाटेपाशी जाऊन पेशंटच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण बघायचं आणि त्याप्रमाणे नळी कमी-जास्त करायची. पेशंट जेवायला बसला, संडासला गेला आणि मास्क बाजूला पडून ऑक्सिजन हवेत चाललाय, तर तो बंद करायचा. प्रमाण सुधारलं असेल तर प्रवाह कमी करायचा. कुणाचंही ऑक्सिजन तोडलं नाही. वाया जाणारं वाचवलं आणि ते दुसऱ्याला मिळालं. ही पद्धत पुढं इतर ठिकाणीही नेली गेली.

यातलं शिकण्यासारखं काय, तर कमी वस्तू पुरवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकली गेली आणि तिला मोजायचा अधिकार मिळाला. "सगळ्यांनी जपून वापरा" असा फलक लावून काही होत नाही. आमच्या शाळेतही खडूचा प्रश्न सुटला तो एका बाईंच्या हाती पेटी आणि वही दिल्यावर.

जुगाड कुठं थांबायला हवा?

आपल्याला जुगाडाचं कौतुक असतं. वॉर्डातही सिस्टर डोकं लावतात. सलाईनचा स्टँड नसला तर बाटली खिडकीच्या गजाला बांधतात. उशी नसली तर चादरीची घडी करून पायाखाली देतात. हे ठीक. पण काही ठिकाणी रेषा आहे, आणि ती नातेवाइकांनीही ओळखायला हवी.

एकदा वापरून टाकायची सुई किंवा सिरिंज दुसऱ्याला वापरायची नाही, कितीही टंचाई असली तरी. त्यातून कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही पसरू शकतो. नुसती सुई बदलून सिरिंज तीच ठेवली, तरी धोका राहतो. "तेवढ्यानं काय होतंय" असं आपणही म्हणायचं नाही.

औषधाची मात्रा पुरवून पुरवून द्यायची नाही. अँटिबायोटिकची अर्धी बाटली आज आणि अर्धी उद्या, असा निर्णय ना सिस्टरचा, ना आपला. एक औषध नसेल तर दुसरं कोणतं आणि किती, हे डॉक्टरनं लिहून द्यायचं.

आणि एक गोष्ट घरातल्या शुगरवाल्यांसाठी. इन्सुलिनची सिरिंज संपली म्हणून दुसरी आणताना फार चूक होते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज ४० ची, टोपण लाल. १०० युनिटची सिरिंज वेगळी, तिचं टोपण नारिंगी. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर २० ऐवजी ८ च युनिट जातात, आणि शुगर उतरत नाही. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ५० युनिट जातात. शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. "सिरिंज ती सिरिंज" असं नसतं. मेडिकलवाल्याला बाटली दाखवूनच सिरिंज घ्या.

आपण काय करायचं?

आता आपल्या बाजूचं. आम्ही स्वतः चुकलो, म्हणून अधिकारानं नाही, अनुभवानं सांगतो.

पहिलं, प्रश्न विचारा, पण असा : "सिस्टर, हे आज संपलंय, की इथं मिळतच नाही?" या एका प्रश्नानं वरच्या तीन प्रकारांपैकी कोणता, ते कळतं. स्टोअर सकाळी उघडल्यावर मिळणार असेल आणि घाई नसेल, तर डॉक्टरांना विचारून थांबता येतं. तातडीचं असेल तर आधी आणा, वाद नंतर.

दुसरं, बाहेरून आणायचं असेल तर चिठ्ठी लिहून घ्या. तारीख, वस्तू, नग. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. तोंडी सांगितलेल्या तुटवड्याचा पुरावा नसतो. लिहिलेल्या चिठ्ठीचा असतो.

तिसरं, आपला हक्क माहीत असू द्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं यात येत नाहीत, त्यांचे नियम वेगळे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ज्या आजाराचं पॅकेज मंजूर होतं, त्यात औषधं आणि लागणारं साहित्यही धरलेलं असतं. तरी बाहेरून आणायला सांगितलं, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा. रात्री दोनला तहसील उघडं नसतं.

चौथं, तक्रार योग्य दारात न्या. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या हाती थोडा निधी असतो आणि त्यातून तातडीची खरेदी करता येते. आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींना विचारा की समितीची बैठक कधी झाली आणि त्यात काय ठरलं. दहा घरांनी दहा चिठ्ठ्यांच्या प्रती जोडून अर्ज दिला, तर तो वॉर्डातल्या दहा भांडणांपेक्षा जड असतो. भांडण हाताघाईवर गेलं तर काय होतं, तेही लक्षात ठेवा. डॉक्टर-नर्सवर हात उगारणं हा २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या तरुणांना हे घरातच सांगा.

पाचवं, स्वतःकडे बघा. डिस्चार्जच्या दिवशी कापसाचा गठ्ठा, ग्लोव्हजचा डबा, कधी चादरसुद्धा पिशवीत घालून नेणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. "सरकारीच तर आहे" म्हणतात. त्या चादरीवर पुढच्या रात्री कुणाची तरी अम्मी झोपणार होती.

सहावं, मदत करायची तर विचारून करा. मोहल्ल्यातली मुलं उत्साहानं बिस्किटं आणि फळं वाटतात, फोटो काढतात. त्याऐवजी इन्चार्ज सिस्टरला किंवा अधीक्षकांना विचारा की सध्या काय कमी आहे, आणि रीतसर पावती घेऊन तेच द्या. औषधं आपल्या मनानं देऊ नका. व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी अशा वस्तू जमातीनं घेऊन गरजूंना वापरायला देता येतात, काम झालं की परत. पैसा सदक्याचा की जकातीचा, त्याचे मसले आपल्या आलिमांना विचारून घ्या. वस्तूंची वही मात्र नक्की ठेवा. वही नसली की तिथंही खडूची गोष्ट होते.

वहीतल्या चार ओळी

सकाळी आठला पाळी बदलली. रात्रीची सिस्टर डोळे चोळत नव्या सिस्टरला एकेक खाट सांगत होती. अम्मीच्या खाटेपाशी आल्यावर तिनं वही उघडली आणि वाचलं : "रात्री दोन. कॅन्युला, आयव्ही सेट, चिकटपट्टी, ग्लोव्हज. वॉर्डात शिल्लक नाही. नातेवाइकांकडून आणून घेतलं." आम्हाला वाटलं होतं की चिठ्ठी देऊन तिनं हात झटकले. तिनं तर रात्रीच लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही तिच्यावर ओरडलो त्याचा त्यात एक शब्द नव्हता.

चौथ्या दिवशी अल्लाहच्या करमनं अम्मी घरी आली. निघताना पिशवीत ग्लोव्हजचा न उघडलेला एक जोड सापडला. तो घेऊन आम्ही इन्चार्ज सिस्टरच्या टेबलापाशी गेलो, रात्रीच्या सिस्टरसाठी माफीचा निरोपही ठेवला. इन्चार्जबाई हसल्या, वही पुढं ओढली आणि लिहिलं : "ग्लोव्हज एक जोड, नातेवाइकांकडून जमा."

मग त्यांनी तो जोड कपाटात पुढच्या बाजूला ठेवला.